बालबोध मुक्तावली: तंजावूरच्या राजवाड्यातले बोलके प्राणी

मराठीत मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक मुंबईत निघाले नाही, पुण्यात तर नाहीच. ते १८०६ साली तंजावूरच्या राजवाड्यात तयार झाले. दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या सांगण्यावरून सख्खन पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि राजांच्या स्वतःच्या छापखान्यात त्या ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता. तिथल्या मुलाची शाळा म्हणजे पंतोजी, धुळाक्षरे, परवचा आणि चुकल्यास छडी. छापील मराठी पुस्तक त्याच्या हाती पडण्याचा प्रश्नच नव्हता. मुळा-मुठेच्या काठी जे व्हायला आणखी बरीच वर्षे लागणार होती ते कावेरीच्या काठी आधी झाले.

कोल्हा, लांडगा, सिंह, कावळा आणि कुत्रा ही मंडळी छापील पानावरून मराठी मुलांशी बोलू लागली ती या पुस्तकापासून. मात्र प्राण्याने बोलणे वेगळे आणि प्राण्याने गोष्ट सांगणे वेगळे. कुत्र्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या रहस्यकथा आज इंग्रजीत मुले आवडीने वाचतात. त्यांतला कुत्रा ‘मी’ म्हणतो, वास काढत चोराचा माग घेतो, भलत्यावरच संशय धरतो आणि तरीही फुशारकी सोडत नाही. तंजावूरच्या पुस्तकातल्या कुत्र्याला एवढी मोकळीक नव्हती. त्याने यायचे, एक चूक करायची, क्वचित एखादे वाक्य बोलायचे आणि तात्पर्याला वाट करून द्यायची, इतकेच त्याचे काम. असे असले तरी त्याला पुढे ‘मी’ म्हणता यावे यासाठी लागणारी बरीच सामग्री त्याच राजवाड्याच्या आवारात जमा झालेली होती.

तंजावूरचा हा राजवाडा मूळचा नायकांचा. सोळाव्या शतकात त्याचे बांधकाम सुरू झाले आणि पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यात भर घातली. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावूर घेतले आणि तिथे भोसल्यांची गादी सुरू झाली. ती १८५५ पर्यंत टिकली. वाड्याबरोबर नायकांचा ग्रंथसंग्रहही मराठ्यांकडे आला आणि त्याच्यासोबत अनेक भाषांत वावरण्याची रीतही. दफ्तर मोडी मराठीत, गाणे आणि यक्षगान तेलुगूत, शास्त्रे संस्कृतात आणि रयतेचे बोलणे तमिळात, अशी वाटणी दरबारात सहज चाले. शाहजीराजांनी (१६८४–१७१२) याच दरबारासाठी मराठी नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले नाटक मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभीच्या कृतींत मोजले जाते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली, म्हणजे त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. मराठी साहित्यातल्या पहिलेपणाचे मान मोजताना तंजावूर पुन्हा पुन्हा आडवे येते आणि महाराष्ट्रातला वाचक ते पुन्हा पुन्हा विसरतो.

छपाई येण्याआधीही या मुलुखातल्या मुलांना बोलके प्राणी नवे नव्हते. देवळाच्या आवारात कीर्तन चाले. त्यात नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव ही गोष्ट मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घराच्या परिचयाची. गावोगाव चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ होत. तमिळनाडूत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करणारे मंडीगर कलावंत घरात मराठी बोलतात आणि पडद्यामागून तमिळात रामायण रंगवतात. पडद्यावर वानर वाद घालतात, अस्वले सल्ला देतात, जटायू साक्ष देतो. तंजावुराहून एका दिवसात गाठता येणाऱ्या तिरुवारूरला मनुनीती चोळाची कथा सांगतात. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडले, तेव्हा गाईने राजवाड्याच्या दाराशी टांगलेली न्यायाची घंटा शिंगाने वाजवली. राजाने चौकशी केली आणि स्वतःच्या मुलालाच शिक्षा दिली. तिथल्या देवळाजवळ या कथेचा दगडी रथ आजही उभा आहे. घडलेला गुन्हा, फिर्याद, चौकशी आणि निकाल हे रहस्यकथेचे सगळे टप्पे या कथेत आहेत. फिर्यादी मात्र मुकी आहे. गाईचे म्हणणे घंटेलाच सांगावे लागले.

कुत्र्याची गोष्ट याहून जुनी आणि तपासाच्या दृष्टीने अधिक सरस आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १०८ वे सूक्त सरमा आणि पणी यांच्या संवादाचे आहे. पणींनी गाई चोरून दूर लपवल्या. इंद्राने सरमेला, म्हणजे देवांच्या कुत्रीला, मागावर पाठवले. रसा नदी ओलांडून ती नेमकी त्या ठिकाणी पोचते. एवढ्या लांब कशी आलीस, असे पणी तिला विचारतात. मग धाक दाखवतात, आणि शेवटी तुला बहीण मानू, गाईंतला वाटा देऊ, असे आमिषही दाखवतात. सरमा स्वतःच्या तोंडाने उत्तर देते. आपण कोणाची दूती आहोत ते सांगते आणि लाच नाकारते. चोरी, माग, चोरांचा अड्डा, लाचेचा प्रयत्न आणि प्रथमपुरुषी बोलणारी कुत्री असा मेळ इतक्या प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. हे सूक्त कावेरीकाठच्या वेदपाठशाळांत मुले स्वरांसकट पाठ करीत. ती गोष्ट म्हणून त्यांना कोणी रंगवून सांगितली असेल असे मात्र वाटत नाही. पाठांतराच्या शाळेत अर्थाला दुय्यम स्थान असते.

याच सरमेचा मुलगा महाभारताच्या आदिपर्वात फिर्यादी होऊन येतो. जनमेजयाच्या यज्ञात त्याला विनाकारण मार बसतो. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्याला जीभही लावली नाही, असे तो आईला सांगतो. आई यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते. रामायणाच्या उत्तरकांडात मागाहून जोडल्या गेलेल्या सर्गांत एक जखमी कुत्रा रामाच्या दरबारात न्याय मागायला येतो आणि मारणाऱ्या ब्राह्मणाला कोणती शिक्षा द्यावी हेही सुचवतो: याला मठाधिपती करा. मागल्या जन्मी तो स्वतः मठाधिपती होता आणि त्या पदाने माणसाचे काय होते हे त्याला ठाऊक होते. भारतीय परंपरेत कुत्र्याला साक्षीदाराचे आणि फिर्यादीचे काम पूर्वीपासून मिळालेले आहे ते असे. प्रत्येक वेळी त्याची सुनावणी माणसासमोर किंवा देवासमोर होते. पूर्ण कहाणी सांगण्याचे काम ऋषीकडे किंवा सूताकडेच राहते.

पंचतंत्राची रचना याहून थोडी पुढे जाते. तिथे प्राणीच एकमेकांना गोष्टी सांगतात. करटक आणि दमनक हे कोल्हे एका गोष्टीतून दुसरी काढतात, माकड मगरीला दृष्टांत देते. ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात चित्रांग नावाच्या कुत्र्याची छोटी गोष्ट आहे. दुष्काळ पडतो म्हणून तो परदेशी जातो. तिथे एका घरात खायला भरपूर मिळते, पण बाहेर पडताच गावातली कुत्री अंगावर येतात. तो परततो आणि नातलगांनी विचारल्यावर परदेशाचा अनुभव सांगतो: अन्न चांगले, बायका निष्काळजी, दोष एकच, तो म्हणजे आपलीच जात आपल्याशी वैर धरते. पूर्वजांच्या मुलुखापासून दूर, परभाषेच्या मुलुखात राज्य करणाऱ्या आणि काकांशी गादीसाठी भांडावे लागलेल्या राजाला ही गोष्ट चांगलीच पटली असती.

तो राजा म्हणजे सरफोजी. १७७७ साली जन्मलेल्या या मुलाला दुसऱ्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, दत्तक घेतले आणि जर्मन मिशनरी क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्‌झ याच्या हाती सोपवले. गादी मात्र तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे गेली. वाड्यात मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली, जिवालाही धोका वाटू लागला, म्हणून श्वार्ट्‌झच्या प्रयत्नांनी १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आले. तिथे त्याचे इंग्रजी शिक्षण झाले. संस्कृत आणि मराठी त्याला येतच होते. युरोपातल्या इतर भाषांचीही त्याने ओळख करून घेतली. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा हक्क मान्य करून त्याला गादीवर बसवले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्ट्‌झचा मृत्यू झाला. गुरूच्या मृत्युशय्येशी उभा असलेला सरफोजी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने संगमरवरात कोरला. ते शिल्प शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे.

गादी मिळाली, राज्य मिळाले नाही. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावूरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि वाडा राहिला, शिवाय वर्षाला १ लाख स्टार पगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, महसूल वसुलीचा अधिकार नाही, परराष्ट्र व्यवहार नाही. अशा स्थितीत दुसऱ्या संस्थानिकांनी जे केले असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरफोजीने उरलेला पैसा आणि वेळ पुस्तके, शाळा, वैद्यक, चित्रे आणि वाद्ये यांत घातला. १८०३ मध्ये त्याने बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याच काळात वाड्यात आणि छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, शाळा सुरू केल्या. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या जेवणाबरोबर विद्यार्थ्यांचीही सोय होती. वाड्यातल्या शाळेत मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी हे विषय एका छताखाली आले. युरोपीय पुस्तके लंडनहून मागवली जात. रेसिडेंट म्हणून तंजावुरात राहून गेलेला बेंजामिन टॉरिन हा त्या कामी मदत करी. राजा वाचलेल्या पुस्तकांवर इंग्रजीत सही करीत असे. तशा सह्यांची पुस्तके आजही वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

शाळा आल्या की मुलांच्या हाती द्यायचे काय हा प्रश्न येतो. पंतोजीच्या शाळेला पुस्तकाची गरज नसते. सहा भाषा शिकवणाऱ्या शाळेला असते. इथे इसाप कामाला आला आणि त्याची निवड सहज समजण्यासारखी आहे. युरोपात इसापच्या कथा कॅक्स्टनने १४८४ मध्येच इंग्रजीत छापल्या होत्या. १६९३ मध्ये जॉन लॉक याने शिक्षणावरच्या ग्रंथात सांगितले की वाचायला शिकणाऱ्या मुलाला इसाप द्यावा आणि शक्यतो चित्रांसह द्यावा, म्हणजे त्याला गोडी लागेल. अठराव्या शतकात इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीला भेटणाऱ्या पुस्तकांत इसाप असेच. मिशनऱ्यांनाही तो सोयीचा होता. जपानमध्ये जेझुइटांनी १५९३ साली आमाकुसा बेटावर इसाप जपानी भाषेत छापला. इसापच्या गोष्टींत देवधर्माचे नाव फारसे येत नाही, त्यामुळे कोणाची श्रद्धा दुखावत नाही. गोष्ट दहा ओळींत संपते, वाक्ये सोपी असतात आणि शेवटी तात्पर्य आयतेच मिळते.

भारतातही तंजावूरच्या आधी तीन वर्षे एक प्रयोग झाला होता. १८०३ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या जॉन गिलख्रिस्ट याने इसापच्या आणि इतर नीतिकथा हिंदुस्तानी, फारसी, अरबी, ब्रज, बंगाली आणि संस्कृत अशा सहा भाषांत रोमन लिपीत प्रसिद्ध केल्या. तो ग्रंथ कंपनीच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यांनी देशी भाषा शिकाव्यात म्हणून होता. त्या सहांत मराठी नव्हती. तंजावूरच्या पुस्तकाचा रोख अगदी उलटा होता. ते देशी राजाने, देशी पंडिताकडून, देशी लिपीत, देशी मुलांसाठी करवून घेतले. गिलख्रिस्टच्या पुस्तकात कुत्रा परीक्षेसाठी बोलतो, सख्खन पंडितांच्या पुस्तकात तो मुलासाठी बोलतो.

छपाईचे काम सोपे नव्हते. तंजावूरच्या शेजारी तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत १७१३ पासून तमिळ छपाई होत होती, त्यामुळे छापखाना म्हणजे काय हे या मुलुखाला माहीत होते. अडचण लिपीची होती. मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चाले आणि ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिले जात. मोडीची अक्षरे एकमेकांत गुंतलेली, ती खिळ्यांत उतरवणे अवघड. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने काही मराठी छपाई मोडीत करून पाहिली, पण त्या वाटेने फार पुढे जाता आले नाही. सरफोजीने नागरीच निवडली. नागरीतही काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि शेकडो जोडाक्षरे यांचे खिळे जुळवायचे म्हणजे जुळाऱ्याची कसोटी. ‘नवविद्याकलानिधि’ या नावाच्या त्या छापखान्याने ‘बालबोध मुक्तावली’ छापली, १८०९ मध्ये एकनाथांच्या भावार्थ रामायणातले युद्धकांड छापले, आणि संस्कृत काव्याची व तर्कशास्त्राचीही पुस्तके काढली. एकाच छापखान्यात ‘तर्कसंग्रह’ आणि कोल्ह्याची द्राक्षे शेजारी नांदली. शाळकरी मुलापासून न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळी शिडी राजाच्या मनात होती हे यावरून दिसते.

आता या पुस्तकातल्या प्राण्यांकडे. इसापच्या जगात कुत्रा वारंवार येतो आणि बहुतेक वेळा त्याची फजितीच होते. पाण्यातले प्रतिबिंब पाहून तोंडातला तुकडा गमावणारा कुत्रा सर्वांत प्रसिद्ध. त्या गोष्टीत तो एक शब्दही बोलत नाही. गवताच्या गव्हाणीत बसून बैलाला खाऊ न देणारा कुत्रा नुसता भुंकतो. लांडगा आणि पाळीव कुत्रा यांच्या गोष्टीत मात्र खरा संवाद आहे. लांडगा विचारतो, गळ्यावरचे केस का झडलेत? कुत्रा सांगतो, पट्ट्याने. लांडगा रानात परत जातो. या एका गोष्टीत रहस्यकथेचे बीज आहे, कारण लांडगा एका खुणेवरून सत्य शोधतो. पण शोध घेणारा लांडगा आहे आणि उघडा पडणारा कुत्रा. कथा सांगणारा तिसराच कोणी, वर बसून दोघांकडे पाहणारा. तो कुत्र्याच्या बाजूने कधीच बोलत नाही.

यात अनुवादकाचा काही दोष नाही, नीतिकथेची घडणच तशी आहे. तात्पर्य शेवटी सांगायचे तर सांगणाऱ्याला पात्रांहून अधिक कळायला हवे. रहस्यकथेचा नियम याच्या विरुद्ध. सांगणाऱ्याला वाचकाइतकेच, किंबहुना थोडे कमीच कळावे, म्हणजे शोध रंगतो. कुत्रा निवेदक झाला तर हे आपोआप साधते. त्याला नाकाने भरपूर कळते आणि माणसांच्या व्यवहारातले फारसे काही कळत नाही. रात्री आलेल्या चोराचा वास त्याला ओळखता येतो, पण दस्तऐवज म्हणजे काय ते येत नाही. वाचणाऱ्या मुलाला जे आधी उमगते ते कुत्र्याला उशिरा उमगते आणि त्यातच गंमत असते. मुलाने शहाणे व्हावे म्हणून लिहिलेले पुस्तक आणि मुलाला आपण कुत्र्याहून शहाणे आहोत असे वाटावे म्हणून लिहिलेले पुस्तक, यांत मुलाविषयीची समजूतच बदललेली असते. १८०६ च्या शाळेत, तंजावूरच्या काय किंवा लंडनच्या काय, पहिली समजूत पक्की होती.

तरीही सांगणारा बदलला की विषय कसा खुलतो, याची जाण सरफोजीच्या दरबारात होती. त्याच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ मुलुखातला नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरवी स्त्री येते आणि नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. या नाटकात कुरवी इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते. खंडे, देश, नद्या आणि शहरे गाण्यांतून येतात. राजाने भूगोलाचा धडा भटक्या भविष्यवालीच्या तोंडी घातला. सांगणारा अनपेक्षित निवडला की ऐकणारा जागा राहतो, हे त्याला नेमके माहीत होते. त्याने तोच प्रयोग प्राण्यांवर केला असता तर मराठी बालकथेची वाट वेगळी झाली असती.

प्राण्यांविषयीचे कुतूहल वाड्यात भरपूर होते. संग्रहात सचित्र गजशास्त्र आणि अश्वशास्त्र आहे. त्यांत हत्ती-घोड्यांच्या जाती, लक्षणे आणि उपचार आहेत. धन्वंतरी महाल या राजाच्या वैद्यकशाळेत माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचेही काम चाले. पक्ष्यांची आणि प्राण्यांची चित्रे काढून घेतली जात. सरस्वती महालाच्या प्रदर्शनात आज नजर खिळते ती शार्ल ल ब्रॅं या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवर. एकीकडे प्राण्याचे तोंड आणि शेजारी त्याच्याशी मिळताजुळता माणसाचा चेहरा, अशा जोड्या त्याने काढल्या. उंटासारखा माणूस, घुबडासारखा माणूस. सरफोजीने ही चित्रे संग्रहात आणली. माणसात प्राणी पाहणे वाड्याला मान्य होते. प्राण्यात माणूस पाहून त्याला आपली हकीकत सांगू देणे, ही पायरी कोणी चढले नाही.

‘बालबोध मुक्तावली’ महाराष्ट्रात पोचली नाही. राजाचा छापखाना विक्रीसाठी नव्हता, प्रती मोजक्या आणि वाचक राजाच्या शाळांपुरते. दरम्यान वाचनाचे केंद्र दुसरीकडे सरकले. श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा यांच्या ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) या मराठी पुस्तकांची छपाई झाली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, मुंबईत शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी इंग्रजीवरून ‘इसापनीतिकथा’ तयार केल्या. हेच पुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळांत चालले आणि मराठी मुलांचा इसाप म्हणजे छत्र्यांचा इसाप, असे समीकरण झाले. सख्खन पंडित बावीस वर्षे आधी येऊनही मागे पडले.

उलट्या दिशेची वाहतूक मात्र झाली आणि ती महत्त्वाची आहे. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजातले तांडवराय मुदलियार यांनी १८२६ मध्ये तमिळ गद्यात पंचतंत्र प्रसिद्ध केले. ते त्यांनी मराठीवरून केले होते. आधुनिक तमिळ गद्याच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते आणि शाळांत ते पुष्कळ वर्षे वाचले गेले. तमिळ मुलांनी छापील पानावर वाचलेल्या करटक-दमनकांच्या बोलण्यामागे मराठी पाठ होता. मराठ्यांनी दक्षिणेला काय दिले, याचा हिशेब करणारे सहसा सांबार तंजावूरच्या मराठ्यांकडून आले ही दंतकथा सांगून थांबतात. पंचतंत्राचा हा दाखला त्याहून भक्कम आहे.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. शाळा आणि छापखाना यांचा काळ त्याआधीच संपला होता. ग्रंथसंग्रह वाचला हे नशीब. आर्थर बर्नेल याने १८८० मध्ये त्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची छापली आणि १९१८ मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुला झाला.

कुत्र्याने ‘मी’ म्हणण्याची परंपरा या सगळ्याच्या बाहेर वाढली. स्पेनच्या सर्व्हांटेसने १६१३ मध्येच वायादोलिदच्या एका रुग्णालयाच्या दाराशी दोन कुत्र्यांना रात्रभर बोलायला लावले होते. त्यांतला बेर्गांसा आपल्या साऱ्या धन्यांची कुलंगडी बाहेर काढतो. ते मुलांसाठी नव्हते. मुलांच्या पुस्तकात प्राणी निवेदक झाला तो इंग्लंडमध्ये: डॉरथी किल्नर हिच्या १७८३ च्या पुस्तकात उंदीर आत्मकथा सांगतो. १८७७ मध्ये ॲना स्युएलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’त घोडा बोलला आणि १८९३ मध्ये मार्शल सॉन्डर्सच्या ‘ब्यूटिफुल जो’मध्ये कुत्रा. दोन्ही पुस्तकांचा हेतू प्राण्यांवरची क्रूरता थांबवणे हा होता. म्हणजे कुत्रा पुन्हा फिर्यादीच झाला, उत्तरकांडातल्यासारखा, फक्त या वेळी रामाच्या जागी वाचक बसला. तपासाचे काम त्याला याहून उशिरा मिळाले. कॉनन डॉइलच्या १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये कुत्रा भुंकला नाही एवढ्यावर शेरलॉक होम्स गुन्हेगार ओळखतो. शोधाचा कणा कुत्रा असला तरी बोलतो होम्स आणि लिहितो वॉटसन. अखेर १९८३ मध्ये टेक्सासच्या जॉन एरिक्सनने ‘हँक द काउडॉग’ काढले. गुरांच्या कुरणावरचा हँक स्वतःला सुरक्षाप्रमुख म्हणवतो, प्रत्येक प्रकरण मोठ्या थाटात हाती घेतो आणि बहुधा चुकीच्या टोकाने सोडवतो. या मालिकेची डझनावारी पुस्तके निघाली. सरमेची चिकाटी आणि इसापच्या कुत्र्याची फजिती या दोन्ही गोष्टी त्याच्यात आहेत.

मराठीत प्राण्याच्या ‘मी’ला जागा मिळाली ती शाळेच्या निबंधवहीत. घोड्याचे, बैलाचे, कुत्र्याचे आत्मवृत्त न लिहिता मराठी माध्यमाची शाळा पार केलेला विद्यार्थी विरळा. त्या निबंधातला कुत्रा ठरावीक रडगाणे गातो आणि माणसाला उपदेश करतो. नीतिकथेची सवय अशी हाडात भिनलेली आहे. बालरहस्यकथा दुसरीकडे बहरली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून गुन्हेगारांच्या मागे लागला आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतले. तपास माणसाच्या पोराकडे आणि आत्मवृत्त कुत्र्याकडे, अशी विभागणी होऊन बसली. ती मोडण्यासारखी आहे. वासावरून माग काढणारा, माणसांचे कागदपत्र न कळणारा आणि स्वतःला फार हुशार समजणारा कुत्रा मराठी लेखकांनी एकदा निबंधवहीतून उचलून तपासाला लावावा. त्याला रात्रीचा फेरफटका मारायला तंजावूरच्या वाड्याचे बोळ, घंटाघर आणि हस्तलिखितांच्या खोल्या यांहून चांगली जागा सापडणे कठीण आहे.